ही चप्पल तुमची का?

सुपरहिरो कसा असतो, हे टेलरबाईंना कुणी सांगायला नको होतं. गेली कित्येक वर्षं त्या सुपरहिरोच शिवत होत्या. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाला लहान मुलांचे वेषांतराचे पोशाख लागायचे आणि ते सगळे टेलरबाईंच्या मशीनखालून जायचे. पाठीवर झगा हवा, तो चकचकीत हवा आणि मूल पळालं की फडफडायला हवा. छातीत आणि दंडात स्पंज भरायचा, पोटात भरायचा नाही. तोंडावर मुखवटा, म्हणजे हा कोण ते कुणाला कळू नये. आणि छातीवर भलंमोठं चिन्ह, म्हणजे हा कोण ते लांबूनही कळावं. यातली विसंगती त्यांच्या लक्षात आली होती, पण गिऱ्हाईक मागेल ते शिवावं असा त्यांचा खाक्या होता.

खराखुरा हिरो म्हणाल तर तोही नात्यात होता. टेलरबाईंचा धाकटा भाऊ अग्निशमन दलात होता. जळत्या जिन्यावरून त्याने एका आजींना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं, त्याबद्दल त्याला पदक मिळालं होतं, आणि त्याची एक भुवई जी जळली ती पुन्हा धड उगवली नव्हती. तो जेवायला आला की ही गोष्ट निघायचीच. दर वेळी जिना थोडा उंच व्हायचा आणि आजींचं वजन थोडं वाढायचं, पण ऐकणाऱ्यांचे घास हातातच राहायचे. गोष्ट संपली की भाऊ सभ्यपणे विचारायचा, "भावोजी, तुमच्याकडे काय विशेष?"

"काही नाही," भावोजी म्हणायचे. "लोक आले, पोहले, गेले." आणि पेलाभर पाणी प्यायचे.

टेलरबाईंचे यजमान, सगळ्यांचे काका, सरकारी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते. जीवरक्षक हा शब्द त्यांच्या बनियनवर पाठीमागे छापलेला होता, पण धुऊन धुऊन त्यातला जीव गेला होता आणि नुसता रक्षक उरला होता. तरुणपणी लागलेली नोकरी आता निवृत्तीला टेकली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाळीला कुणी बुडालं नव्हतं ही चांगलीच गोष्ट, पण टेलरबाईंच्या माहितीत बुडता बुडता कुणी वाचलंही नव्हतं, आणि त्यामुळे सांगायला काही नव्हतं. घरी आलेल्या बायकांनी विचारलं की टेलरबाई विषय बदलायच्या. एकदा रागाच्या भरात त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्यापेक्षा माझी सुई जास्त उड्या मारते." काका नुसते हसले होते. त्यांना काही टोचतच नाही, हेच टेलरबाईंचं मुख्य दुखणं होतं.

दुसरं दुखणं गुडघ्याचं. मशीनचं पायडल मारून मारून गुडघा इतका आखडला की डॉक्टरांनी सांगितलं, औषध पुरे, आता रोज दुपारी कमरेभर पाण्यात चालायचं. म्हणजे तलावावर जाणं आलं. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याचं काम करतानाचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गुडघ्याचं निमित्त झालं, पण खरं सांगायचं तर त्या कुतूहलानेच गेल्या.

आणि पहिल्याच दुपारी त्यांना वाटलं, न आले असते तर बरं झालं असतं.

जीवरक्षकासाठी तलावाच्या काठावर एक उंच खुर्ची होती. तिच्यावर काकांचा टॉवेल बसला होता. काका स्वतः सुटलेलं पोट पुढे घेऊन काठाने येरझाऱ्या घालत होते, आणि त्यांच्या हातात एक निळी रबरी चप्पल होती. एकच. मधूनच ते थांबायचे, वाकायचे आणि पोहणाऱ्या कुणाला तरी विचारायचे, "ही चप्पल तुमची का?" माणूस काठापासून लांब असला तर लांब काठीच्या टोकाला चप्पल अडकवून ती त्याच्यापुढे धरायचे. माणूस नाही म्हणायचा, हसायचा. काका मान हलवून पुढे जायचे.

उथळ बाजूला दांडीला धरून उभ्या असलेल्या बायकांनी टेलरबाईंना लगेच माहिती पुरवली. हे चप्पलकाका. फार जुने आहेत, जरा इकडचे तिकडे झाले आहेत, पण निरुपद्रवी. ती चप्पल कुणाची तरी कधीतरी राहिली आणि तेव्हापासून ते मालक शोधताहेत. एक बाई म्हणाली, "यांची बायको कसे दिवस काढत असेल हो?"

"काढत असेल बिचारी," टेलरबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून चालायला लागल्या. ते आपले यजमान आहेत, हे सांगायचं त्यांना धैर्य झालं नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकांना फैलावर घेतलं. चारचौघांत लोकांच्या तोंडासमोर चप्पल नाचवता, कुणी वेगळा अर्थ घेतला तर? चप्पल दाखवणं म्हणजे काय ते कळतं ना तुम्हाला? काका म्हणाले, कुणाची तरी असेलच ना ती. टेलरबाईंनी सांगितलं की राहिलेल्या वस्तूंचं कपाट त्यांनी पाहून ठेवलं आहे. त्यात चपलांचा ढीग आहे, चांगल्या जोडीच्या जोडी आहेत, त्यांचे मालक का नाही शोधत? काकांनी विचारलं, गुडघा कसा आहे.

टेलरबाईंचा स्वभाव असा की उसवलेला टाका दिसला की तो कुठपर्यंत उसवलाय ते पाहिल्याशिवाय झोप यायची नाही. त्या रोज चालता चालता नजर ठेवायला लागल्या. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की चप्पल सगळ्यांपुढे जात नाही. जी मुलं आरडाओरडा करत एकमेकांना बुडवत असतात, ज्यांच्याकडे पाहून टेलरबाईंचाच जीव वरखाली व्हायचा, त्यांना काका कधी काही विचारत नाहीत. पण पिवळ्या टोपीची ती मुलगी, इतका वेळ बडबडत होती आणि आता गप्प होती, तिच्यापुढे चप्पल आली. रोज येणारे एक आजोबा खोल बाजूला उभेच्या उभे होते, हनुवटी वर करून, हात असे दाबत होते जणू पाण्यात शिडी आहे. त्यांच्यापुढे चप्पल आली. दोघेही काठाशी आले, काठाला धरलं, चप्पल नीट पाहिली, नाही म्हणाले. मग काका उगाच विचारत बसले, नक्की नाही ना, बघा हं, निळीच आहे. तोवर त्यांचा श्वास जागेवर आला आणि ते पुन्हा पोहायला लागले.

यात काहीतरी गोम आहे, एवढं टेलरबाईंना कळलं. गोम काय ते कळायला त्यांना स्वतःला नाकातोंडात पाणी घ्यावं लागलं.

तलावाच्या मध्ये तरंगत्या गोळ्यांची एक दोरी होती. तिच्या अलीकडे उथळ, पलीकडे तळ उतरत जायचा. काका पलीकडच्या काठाला कुणाशी बोलताहेत ते नीट दिसावं म्हणून टेलरबाई दोरीपर्यंत गेल्या, मग दोरी उचलून जरा पुढे गेल्या. कंबरभर पाणी छातीभर झालं. आणखी एक पाऊल टाकलं तर पायाखालची फरशी गुळगुळीत आणि तिरकी निघाली आणि पाऊल पुढे सरकतच गेलं. पाणी ओठांना लागलं. त्यांना वाटलं, आता मागे व्हावं. पण मागे होण्यासाठी पाय टेकायला लागतात. त्यांनी कुणाला तरी हाक मारायचं ठरवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हाक मारायला श्वास लागतो, आणि तो सगळा नाक वर ठेवण्यात खर्च होतोय. आजूबाजूला माणसं होती. अगदी हाताच्या अंतरावर एक बाई केस बांधत होती. कुणालाही काही दिसत नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही घडतच नव्हतं.

मग डोळ्यांसमोर निळी चप्पल आली, काठीच्या टोकाला लटकलेली.

"बाई, ही चप्पल तुमची का?"

टेलरबाईंना असा संताप आला की विचारू नका. आपल्या लग्नाच्या बायकोची चप्पल ओळखू येत नाही या माणसाला? ती काठी हिसकावून घ्यावी म्हणून त्यांनी हात टाकला. काठी हळूच काठाकडे सरकली, तिच्याबरोबर त्याही सरकल्या, आणि पायाला फरशी लागली. काठाला धरून त्या धापा टाकत राहिल्या. "माझ्या चपला कशा आहेत ते माहीत आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"नीट बघा," काका अनोळखी माणसाच्या आवाजात म्हणाले. "निळी आहे."

त्यांनी नीट पाहिलं. चपलेकडे नाही, काकांच्या तोंडाकडे. ते तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेव्हा कुठे टेलरबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याच्या मागोमाग भीती आली, इतका वेळ न आलेली. केस बांधणारी बाई त्यांच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "आज तुमचा नंबर लागला वाटतं."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात टेलरबाईंनी काकांना समोर बसवलं. आधी त्या थोड्या रडल्या, मग थोड्या भांडल्या, मग त्यांनी विचारलं की हा काय प्रकार आहे आणि इतकी वर्षं मला का सांगितलं नाही.

काका बोलायला लागले ते असं, की जणू कुणीतरी विचारेल याची त्यांनी वाट पाहिली होती आणि मग वाट पाहणंही सोडून दिलं होतं. नोकरी नवीन असताना त्यांनी एकदा उडी मारली होती. चांगली, उंच, खुर्चीवरून. एका तरुणाला बाहेर काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी काकांना खांद्यावरही घेतलं. त्या तरुणाला मात्र काठावर तसंच ओलं बसवून सगळे बघत राहिले. तो पुन्हा कधी तलावावर आला नाही. त्याच्या गल्लीत त्याचं नाव बुडक्या पडलं. काका रस्त्यात दिसले की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

"मी त्याचा जीव वाचवला होता," काका म्हणाले, "आणि त्याला माझं तोंड बघवत नव्हतं. मला फार वाईट वाटलं गं. मग मी विचार केला, की हा पाण्यात जाण्याआधीपासून मला दिसत होता. काठावर उभा राहून मित्रांशी मोठमोठ्याने बोलत होता, घाबरला होता म्हणून. तेव्हाच त्याला काहीतरी विचारून थांबवला असता तर?"

पण थांबवायचं कसं, हा प्रश्न होता. बुडतोयस म्हटलं की माणूस म्हणतो, छे, आणि ते सिद्ध करायला आणखी खोल जातो. शिट्टी मारली की सगळा तलाव त्याच्याकडे बघतो. काकांनी बरंच काही करून पाहिलं. वेळ विचारली, चष्मा सापडलाय म्हणाले, दोरी धरा जरा म्हणाले. शेवटी चप्पल लागू पडली. चप्पल ओळखण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि ती दाखवणारा म्हातारा वेडा आहे असं एकदा ठरलं की सगळे त्याच्याकडे बघून हसतात, बुडणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

टेलरबाईंनी मनातल्या मनात त्यांच्या अंगावर एक झगा चढवून पाहिला. पोटावर बसेना. आणि मुखवटा? मुखवटा त्यांनी केव्हाच घातला होता, येड्याचा, आणि बायकोलाही ओळखू आला नव्हता. त्यांना एकदम नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की त्यांनी लगेच भावाला फोन लावायला घेतला. काकांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ते म्हणाले. हे एकाला कळलं की गावाला कळेल, आणि मग ज्याच्यापुढे चप्पल जाईल त्याच्याकडेच सगळे बघतील. मग माणूस लाजेने चपलेपासून लांब जाईल. लांब म्हणजे खोल.

टेलरबाईंनी तोंड शिवून घेतलं. त्यांच्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा. भाऊ जेवायला आला, जिना आणखी उंच झाला, आणि त्या मुकाट्याने वाढत राहिल्या.

तलावावर सुट्टीच्या दिवशी एक व्यायामशाळेचे मास्तर यायचे. त्यांना पाहिलं की टेलरबाईंची नजर आपोआप माप घ्यायची: या छातीला स्पंज लागला नसता. मास्तरांबरोबर त्यांच्या दोन लहान मुली असायच्या आणि त्या काठावर बसून बाबांच्या उड्या मोजायच्या. त्या दिवशी मास्तरांनी खोल बाजूला सूर मारला, वर आले, हात केला, आणि मग तिथेच थांबले. मुलींना वाटलं बाबा मजा करताहेत. टेलरबाईंना हनुवटी दिसली. वर केलेली हनुवटी.

काका आधीच पोहोचले होते. काठी लांब झाली, चप्पल पुढे गेली, ही तुमची का. मास्तरांनी तोंड फिरवलं. काकांनी चप्पल त्या बाजूला नेली. मास्तरांनी पुन्हा फिरवलं. चप्पल पार त्यांच्या नाकाला लागली तेव्हा एकदाचा मास्तरांनी काठीवर हात टाकला, आणि काका ती सावकाश ओढत राहिले, तोंडाने चपलेच्या रंगाचं वर्णन करत. सगळा तलाव हसत होता. मास्तर काठावर आले, वर चढले, पोटरी दाबत क्षणभर बसले, आणि मग लाल होत उभे राहिले. मुलीसुद्धा हसत होत्या.

तक्रार लगेच झाली. भर तलावात, पोरींच्या देखत, मला चप्पल दाखवली, तोंडाला लावली.

व्यवस्थापकांच्या खोलीत ते दोघे समोरासमोर उभे होते. मुली वडिलांना चिकटून होत्या. टेलरबाई ओल्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, पण चपलेबद्दलच्या कुरबुरी त्याच्या कानावर याआधीही आल्या होत्या. त्याने काकांना स्वच्छ सांगितलं: चप्पल दाखवायचं काही कारण असेल तर आत्ता सांगा, मी हे इथेच मिटवतो. नसेल तर उद्यापासून तुम्ही काठावर नाही. निवृत्तीपर्यंत तिकिटांच्या खिडकीत बसायचं.

काका म्हणाले, "चूक झाली. माफ करा."

"कारण?"

"कारण काही नाही."

तिकिटांची खिडकी तलावाकडे पाठ करून होती. तिथून पाण्याचा थेंबही दिसत नव्हता. या माणसाकडून काठ काढून घेणं म्हणजे टेलरबाईंकडून सुई काढून घेणं. आणि एक वाक्य बोललं की सगळं वाचत होतं. व्यवस्थापकाने जणू तेच ओळखलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पाण्यात होता ना तेव्हा? तुम्ही काय पाहिलं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं नाही, ते जमिनीकडे बघत होते. मास्तरांनी पाहिलं. आणि टेलरबाईंना कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. त्याला चपलेचा राग आलेलाच नाही. आपण काठी धरली याचा त्याला राग आला आहे, आणि हे एका म्हाताऱ्याला माहीत आहे याची भीती. एका हाताने तो अजून पोटरी चोळत होता. दुसरा हात धाकटीने धरला होता आणि ती टेलरबाईंकडे टक लावून बघत होती, आता ही काय सांगते म्हणून. तिच्यादेखत सांगायचं, की तुझे बाबा बुडत होते?

वाक्य जिभेवर आलं होतं. टेलरबाईंनी ते गिळलं.

"मी यांची बायको," त्या म्हणाल्या. दांडीवाल्या दोन बायका दारामागे होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "काय सांगू साहेब, घरी पण हेच. जे हाती लागेल ते घेऊन विचारत सुटतात, हे तुमचं का, ते तुमचं का. वयाचा परिणाम आहे. तुम्ही मनावर घेऊ नका हो, मास्तर. तुमच्या पोहण्याला कोण काय म्हणणार?"

धाकटी हसली. मास्तर हसले नाहीत. ते काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांनी नुसती मान खाली घातली, तक्रार मागे घेतो म्हणाले, आणि मुलींना घेऊन निघून गेले. व्यवस्थापकाने मात्र वयाचा परिणाम हे शब्द बरोबर पकडले. असं असेल तर यांना पाण्याजवळ ठेवणंच धोक्याचं आहे, तो काळजीने म्हणाला, आणि खिडकीचं नक्की झालं.

दोघं घरी निघाले. वेगवेगळी दुकानं उघडी होती, माणसं आपापल्या कामाला चालली होती. टेलरबाईंना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मीच घालवली तुमची जागा, त्या शेवटी म्हणाल्या. काका म्हणाले, नाही, छान बोललीस, मला इतकं चांगलं जमलं नसतं. आणि त्यांनी रस्त्यात, लोकांसमोर, टेलरबाईंचा हात धरला. हे त्यांनी तरुणपणीही केलं नव्हतं.

हात धरलेला असतानाच टेलरबाईंना एक शंका आली. ती त्यांना इतके दिवस कशी आली नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

"अहो, पण ते मास्तर खरंच बुडत होते का? कदाचित आले असते की आपले आपण वर."

"आले असते कदाचित."

"आणि ते आजोबा? ती पिवळ्या टोपीची?"

"माहीत नाही."

"मी?"

काकांनी धरलेला हात आणखी घट्ट धरला.

"म्हणजे एवढ्या वर्षांत तुम्ही कुणाला वाचवलं की नाही, हे तुम्हालाच माहीत नाही?"

"कसं कळणार?" काका म्हणाले. "कळायला थोडं थांबावं लागलं असतं."